फोर्सिथिया बघायला हाइलला

एक झुडूप फुललेलं बघायला माणूस साडेसहाशे किलोमीटर गाडी चालवत जातो का, असं ऑफिसात मला विचारलं गेलं. जातो. ज्यांना जायचं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रस्ता, पेट्रोल, खाणं, सगळं सांगतो. पण आधी झुडपाबद्दल.

फोर्सिथिया हे थंड देशांतल्या बागांचं पानझडी झुडूप. हिवाळाभर नुसत्या काटक्या उभ्या असतात. थंडी सरायला लागली की पानं यायच्या आधीच अख्खं झुडूप पिवळं होतं. फुलाला पाकळ्या चार, पाच नाहीत. नेटवर लोक पिवळ्या जाईचे फोटो टाकून खाली फोर्सिथिया लिहितात, त्यांनी पाकळ्या मोजाव्यात. कूळ मात्र जाई, मोगरा आणि आपला पारिजातक यांचंच. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्याकडे ते जगत नाही.

माझं शिक्षण आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियन. रियाधमधल्या एका कंपाउंडचा, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीचा मेंटेनन्स बघतो. झाडांचं जे काही येतं ते स्वतः वाचून, कापून, मारून आणि जगवून शिकलो, आणि ते बऱ्यापैकी येतं असं मी न लाजता म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका नर्सरीत युरोपातून आलेल्या कुंड्यांमध्ये लेबल नसलेलं एक रोप पडून होतं. नर्सरीवाला त्याला जास्वंदीची जात म्हणत होता. मी एक कांडं उभं चिरलं. आत भेंडाचे पडदे होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. तेव्हाच ओळखलं आणि घरी आणलं. रियाधमध्ये ते वाढलं, पानं आली, फूल कधी नाही. कळी उमलायला त्याला सलग काही आठवडे थंडी लागते. रियाधची थंडी म्हणजे पाहुणी, चहा घेऊन निघाली.

म्हणून गेल्या मार्चमध्ये मी ते बशीरभाईंना दिलं. बशीरभाई दाभोळ खाडीकाठचे. आधी आमच्याच कंपाउंडमध्ये प्लंबर होते, आता हाइलजवळ त्यांच्या कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची इस्तराहा सांभाळतात. इस्तराहा म्हणजे सुट्टीत जमायची शेतावरची जागा : भिंत, खजुराची झाडं, बसायची मोठी खोली. हाइल रियाधच्या वायव्येला, समुद्रसपाटीपासून जवळजवळ हजार मीटरवर आहे, थंडी खरी पडते.

आता आमचा फायनल एक्झिट ठरला आहे. जूनमध्ये इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत करून नाशिकला कायमचे. म्हणजे हा माझा शेवटचा फेब्रुवारी.

"निफाडला पडते की थंडी," सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती. "तिकडे लावा."

"रात्री पडते, दुपारी पळते. या झाडाला तसली चालत नाही."

"तुमच्यासारखंच आहे. सगळं नियमात पाहिजे."

फेब्रुवारीत वीकेंडला जोडून सुट्टी आली. मी बशीरभाईंना फोन केला. कळ्या फुगल्या का, विचारलं. ते म्हणाले, "या तुम्ही, दत्ताभाऊ. भाभीला घेऊन या. इथं बघू." मला वाटलं, गंमत राखून ठेवतायत.

आदल्या संध्याकाळी बत्ह्यात, रियाधमधल्या आपल्या लोकांच्या बाजारात जाऊन आमसुलं, सुका जवळा आणि उकडा तांदूळ घेतला. बशीरभाईंकडे याशिवाय गेलात तर ते काही बोलत नाहीत, पण पिशवीकडे बघतात. गाडी नसेल तर बत्ह्यातून शेअर टॅक्सी मिळते, पण भरेपर्यंत थांबावं लागतं आणि मधे कुठे थांबायचं ते तुमच्या हातात नसतं.

गुरुवारी उजाडताना निघालो. रस्ता कसीमवरून, बुरैदाला बगल देऊन. सरळ, तीन पदरी, आणि कॅमेऱ्यांनी भरलेला. वेगाची पाटी बदलली की लगेच पाय सैल करा, दंडाचा मेसेज तुमच्या आधी घरी पोचतो. पेट्रोल लिटरला सव्वादोन रियालच्या आत, दोन टाक्यांत जाऊन येऊन होतं. टाकी अर्धी झाली की भरा. पुढे पंप आहे असं नकाशा सांगतो, पण तो चालू आहे की नाही हे सांगत नाही. बुरैदाच्या अलीकडे कलीजा घ्या, खजूर आणि वेलदोड्याचं सारण भरलेलं जाड बिस्किट. सुनंदाने एक खाल्लं आणि म्हणाली, आपल्या सांजोरीची अरबी मावशी. नंतर डबा मांडीवरच राहिला.

कसीम सोडलं की वाळूचा रंग तांबूस होतो. हाइलच्या आधी अजा डोंगराचे गुलाबी ग्रॅनाइटचे कडे दिसायला लागतात, आणि यंदा पाऊस झाल्यामुळे त्यांच्या पायथ्याशी हिरवी साय धरली होती. गव्हाची शेतं पाहून सुनंदा गप्प झाली. नाशिकची माणसं गहू पाहून गप्प होतात.

इस्तराहाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बशीरभाई फाटकात उभे, नवा तोब म्हणजे अरबी पायघोळ झगा घातलेला, मेंदी लावलेली दाढी.

"या भाभी, या. प्रवास बरा झाला ना? दत्ताभाऊ, वजन वाढलं हो तुमचं."

"तुमचं कमी झालं."

"जेवण स्वतः करतो ना."

बाग अशी झाडून काढली होती की जमिनीवर खराट्याचे ओरखडे दिसत होते. मी थेट दक्षिणेच्या भिंतीकडे निघालो, तिथेच ते लावायला सांगितलं होतं. बशीरभाईंनी माझा हात धरला.

"आधी आग. इथल्या रिवाजानं चला. पाव्हणा आला की आधी शब्बा, मग बाकीचं."

शब्बा म्हणजे शेकोटीभोवतीची बैठक. हाइलचे लोक पाहुण्याला आधी आगीशी बसवतात, गहवा म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी देतात, खजूर पुढे करतात, आणि कशाला आलात ते विचारत नाहीत. बशीरभाईंनी ते पुरतं उचललं आहे. रानातलं लाकूड तोडायला बंदी आहे आणि बाजारातलं महाग, त्यामुळे आग पेटवायला बागेतलीच वाळकी काटकी वापरतात. चुलाण्याशेजारी अशी एक मोळी ठेवली होती. आग धरलीच होती, तीत घालायला बशीरभाईंनी मोळीतल्या आणखी मूठभर काड्या उचलल्या.

मी त्यांचं मनगट धरलं.

काडीवर समोरासमोर जोडीने, तपकिरी खवल्यांच्या टोकदार कळ्या होत्या. पेराच्या खाली मी नखाने साल खरवडली. आत हिरवी.

बशीरभाई आगीकडे बघत म्हणाले, "मेलं होतं ते, दत्ताभाऊ. पानं गळतील म्हणालात, हे मला याद होतं. पण नंतर काडीन् काडी सुकली. मी रोज पाणी घातलं. महिनाभर वाट बघितली. तुम्ही एवढ्या विश्वासानं दिलं, आणि माझ्या हातानं मेलं. तुम्ही येणार म्हटल्यावर काल बुंध्यातून तोडलं. मेलेलं झाड तुम्हाला कसं दाखवू?"

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. कळी आणि वाळकी गाठ यांतला फरक, नखाची परीक्षा, सगळं. यातलं एकेक वाक्य बरोबर होतं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचा संसार आहे, नजर कळते.

"कोकणात बारा महिने हिरवं," ती बशीरभाईंना म्हणाली. "उभी काटकी जिवंत असते हे तुम्हाला कोण सांगणार? यांनी तरी फुललेलं कुठे पाहिलंय? सगळं मोबाइलवर." मग माझ्याकडे वळली. "आता काय करता येईल ते बोला. येतं ना तुम्हाला सगळं?"

येत होतं. फुगलेल्या कळीची काडी कापून कोमट पाण्यात ठेवली तर ती घरात उमलते, थंड देशांतले लोक मुद्दाम तसं करतात. मी बादली मागितली. बशीरभाई तीन घेऊन आले. मोळीतल्या काड्या आम्ही तिघांनी वेगळ्या केल्या, खजुराच्या काटक्या एकीकडे, या एकीकडे. काही आधीच जळल्या होत्या, राखेत दोन टोकं दिसत होती. मी प्रत्येकीचं बूड पाण्याखाली धरून तिरकं कापलं. बशीरभाई कोमट पाणी ओतत होते, आधी स्वतःच्या कोपरावर थेंब टाकून बघत, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं.

"जिवंत आहे म्हणता?"

"आहे."

"मग मी मारलं नाही."

"नाही बशीरभाई. वाढू दिलंत तुम्ही. माझ्याकडे एवढ्या कळ्या कधी धरल्याच नव्हत्या." हे मी समजूत काढायला म्हटलं नाही, खरंच होतं.

ते उठून आत गेले आणि नमाजाआधी वजू करायच्या नळाशी जरा जास्तच वेळ थांबले. मग बाहेर येऊन म्हणाले, "वाईच चाय घेता? गहव्यानं माझं भागत नाही."

शुक्रवारी सकाळी मी बुंधा पाहिला. मूळ घट्ट होतं, तळाशी दोन हिरवी टोकं जमीन फोडून वर आलेली. या झुडपाला बुंध्यातून कापलं तरी ते परत फुटतं. नव्या फांद्या उन्हाळाभर वाढतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर फूल येतं. बशीरभाईंना मी ते शेजारी उकिडवं बसून सांगितलं. यापुढे छाटायचं तर फूल झडल्यावर लगेच, थंडीत कात्री लावायचीच नाही. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं. मग भोवती दगड रचले.

दुपारी त्यांच्या कफीलच्या घरून थाळा आला, त्यात हाइलची कबीबा : द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला आंबटसर भात. सुनंदा हसत सुटली. आमच्याकडे ही पानं बकऱ्यांना घालतात, आणि इथे पाहुण्याला. तिने चार खाल्ल्या आणि कृती विचारून घेतली. कुठल्या हॉटेलात दिसली तर सोडू नका. राहायचं तर शहरात सुट्टीत फर्निश्ड फ्लॅट दीड-दोनशे रियालला मिळतात. आम्हाला बशीरभाई कुठले तिकडे जाऊ देतात?

शनिवारी निघताना काड्या अर्ध्या वाटल्या. एक बादली बसायच्या खोलीत, हीटरपासून लांब ठेवायची असं सांगून. दुसरी सुनंदाच्या दोन पायांच्या मध्ये. साडेसहाशे किलोमीटर ती पाय आवळून बसली, आणि वळणावर माझ्यावर ओरडली, जे तिकडे जाताना कधी केलं नव्हतं.

रियाधमध्ये मंगळवारी सकाळी पहिली कळी उघडली. बुधवारपर्यंत ओट्यावरची बादली पिवळी झाली होती. चार पाकळ्या, मोजल्या. सुनंदाने नाक लावलं.

"वास नाही?"

"नाही."

"मोगऱ्याच्या घरातली आणि वास नाही?" असं म्हणून तिने एक काडी तोडून फ्रिजवरच्या गणपतीपुढे ठेवली. मग स्टूल ओढून बादलीसमोर बसली आणि बराच वेळ तिथेच राहिली. पोळ्या त्या दिवशी मी केल्या.

बशीरभाईंचा व्हिडिओ कॉल आला. हाइलची थंडी जास्त, त्यांच्याकडे उशिरा फुललं. कॅमेरा इतका जवळ धरला होता की नुसतं पिवळं दिसत होतं, माणूस नाही. मागून आवाज : "दत्ताभाऊ, दिसतंय ना? कफीलचे वालिद येऊन बसलेत समोर. त्यांना सांगितलं, हे माझ्या दोस्ताचं."

मला अख्खं झुडूप पेटल्यासारखं पिवळं बघायचं होतं. ते मी पाहिलं नाही आणि आता बघणार नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे, खोटं कशाला बोलू. बादली पाहिली. ती पुरेशी होती का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुम्ही मात्र जा. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीचे शेवटचे दिवस धरून. अजा डोंगराच्या बाजूच्या एका इस्तराहात, दक्षिणेच्या भिंतीशी, दगडांच्या रिंगणात तुम्हाला नुसत्या काड्या दिसल्या तर त्या मेलेल्या नाहीत. आठवडाभर थांबा. बशीरभाई आधी शेकोटीशी बसवतील, नाही म्हणू नका. आणि आमसुलं घेऊन जा, जूननंतर त्यांना ती नेऊन देणारं कोणी नाही.