उणे चौसष्टचा पत्ता

स्क्रीनवरचा आकडा हलत नव्हता. टाकी नंबर तीन, ८१ डिग्री. वीस मिनिटं झाली तरी ८१च. सुपरवायझर नाखवा शिडीने टाकीवर चढले, काटा वाचला आणि घामाघूम होऊन कंट्रोल रूममध्ये आले.

"मॅडम, वर ९४ आहे. मी थंड पाणी सोडून आलोय."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मानपाड्याच्या त्या केमिकल कारखान्यातला प्रोग्रॅम मी लिहिलेला, जावा या तेव्हा नव्या असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. टाक्यांचं तापमान तो ठाण्याच्या हेड ऑफिसमधल्या सर्व्हरला पाठवायचा आणि तिथून आलेला आकडा स्क्रीनवर दाखवायचा. ठाण्याची लाइन तुटलीच, तर कारखान्यातला जादा सर्व्हर ते काम घेणार होता. लाइन तुटलेली, जादा सर्व्हर चालू, आणि माझा प्रोग्रॅम ठाण्यालाच हाका मारत बसलेला.

मॅनेजर देशमुखांनी फार चर्चा केली नाही. "शनिवारी चार वाजता मी स्वतः ठाण्याची केबल काढणार. स्क्रीन थांबला तर हे सगळं बंद. माणसं पूर्वीसारखी दर तासाला वर चढतील."

माणसं म्हणजे मुख्यतः नाखवा. वय त्रेपन्न, दोन्ही गुडघे दुखरे.

दोष शोधायला मला दीड दिवस लागला. कॉम्प्युटर एकमेकांना नावाने हाक मारतात, पण प्रत्यक्षात लागतो आकड्यांचा पत्ता. कुठल्या नावाचा पत्ता काय, हे सांगणारी यादी म्हणजे डीएनएस. आमच्या कारखान्यात तिचं वेगळं मशीन होतं आणि लाइन तुटली की त्यातला पत्ता आपोआप बदलायचा. पण जावा एकदा विचारलेला पत्ता प्रोग्रॅम बंद होईपर्यंत लक्षात ठेवायची. पुन्हा विचारायचीच नाही. प्रोग्रॅम बंद करून चालू करायचा, तर तेवढा वेळ टाक्यांवर कोणाचंच लक्ष नाही.

हे मी नाखवांना चहा पिताना सांगितलं.

"मग जावाला कशाला विचारता?" ते म्हणाले. "ती यादी तर इथंच बाजूच्या खोलीत आहे ना? थेट तिलाच विचारा."

मी कप खाली ठेवला. असं करता येत होतं. त्या यादीला विचारायचा प्रश्न मी स्वतः, एकेक बाइट मांडून, पाठवू शकत होते. माझा स्वतःचा रिझॉल्वर, म्हणजे पत्ता शोधून देणारा. त्या दिवशी मी जेवायचं विसरले.

पहिल्या प्रयत्नाला उत्तरच नाही. नावातली टिंबं मी तशीच पाठवत होते. तिथे टिंब चालत नाही, प्रत्येक तुकड्याआधी त्यात किती अक्षरं आहेत तो आकडा लागतो. ते सुधारलं आणि शुक्रवारी दुपारी, ठाण्याची लाइन अजून तुटलेलीच असताना, उत्तर आलं. मी खुर्चीतून उठलेच. पत्ता होता, उणे ६४, उणे ८८, ५, २०.

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख गोखले सर मागे येऊन उभे राहिले. "अहो, पत्ता कधी उणे असतो का?"

नसतो. पण जावाचा बाइट १२७च्या पुढे गेला की उणे दिसतो. दोन्ही उणे आकड्यांत २५६ मिळवले. १९२, १६८, ५, २०. कारखान्यातला जादा सर्व्हर. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी सकाळी लाइन दुरुस्त झाली आणि चार वाजता देशमुखांनी केबल काढली. आकडा थांबला. ७९. मी मनात सेकंद मोजत होते. दर तीस सेकंदांनी पत्ता नव्याने विचार, असं मी प्रोग्रॅमला सांगितलेलं. पंधरा. वीस. देशमुख घड्याळाकडे बघू लागले. सव्वीसला स्क्रीन लुकलुकला आणि ८० झाला. मग ८१. नाखवा माझ्याआधी हसले.

"मॅडम, ठाण्याची तार पुन्हा लावून बघू का?" त्यांनी विचारलं. लावली. आकडे चालूच राहिले.

देशमुखांनी त्याच संध्याकाळी उरलेल्या चार टाक्यांचं कामही आम्हाला दिलं.

पुढे मी बऱ्याच नवीन मुलामुलींना हे काम शिकवलं. त्यांना एवढंच सांगते, उत्तर मिळालं की खूश होऊ नका. ते कधीचं आहे, ते आधी बघा.