बाटलीतला समुद्र

गुडगावात काचेच्या इमारती नुकत्याच उठत होत्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून तिकडे निघणाऱ्या आमच्या ऑफिसच्या बसमध्ये अंदमानच्या एक बाई रोज मांडीवर दोन बाटल्या धरून बसत. एकीत त्यांच्या गावच्या ओढ्यातली गोगलगाय होती. ही जात तिथंही संपत आलेली. घरी वीज जायची, म्हणून त्या तिला ऑफिसच्या एसीत आणत. तिची तिळाएवढी अंडी चिकटलेला खडा दुसऱ्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात होता.

"इसके बच्चे समंदर में ही जीते हैं," त्या एकदा शेजारी बसलेल्या मला म्हणाल्या.

"तो यहाँ अंडे क्यों देती है?" मी विचारलं.

"उसे किसने बताया कि यह दिल्ली है?"

एका सकाळी त्यांनी ती दुसरी बाटली उन्हात धरली. आत धुळीसारखे कण चक्क पोहत होते! तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली, आणि आम्ही दोघींनी एकदमच बाटली छातीशी घेतली.