तारेला न टेकणारा गज

"तू नुसता गज फिरव. तारेला टेकवू नकोस."

सर सगळ्यांसमोर म्हणाले. बोगादीतल्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही व्हायोलिनं घेऊन उभे होतो. कार्यक्रम तोंडावर आलेला. गाणं ए फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतलं, भलतंच अवघड. माझी बोटं खोटी पडत होती.

"लोकांना कळत नाही गं. लांबून सगळे सारखेच दिसतात."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. आणि मी गज फिरवला. हो, फिरवला त्या दिवशी. मुकाट.

मी मंडी मोहल्ल्यातली. माझ्या वडलांचं, आप्पांचं, टेलरिंगचं दुकान, तिथंच मी शिवते. आमची मराठी निम्मी कन्नड. सर पुण्याकडून नोकरीला आलेले, शुद्ध बोलणारे. मी 'नुसतं'ला 'सुम्ने' म्हटलं की चारचौघांत नक्कल करायचे. तरी वर्गात घेतलं, ते केवढं गोड बोलून! "आपलीच माणसं तुम्ही." तेव्हा भारी वाटलं होतं. आता वाटतं, ग्रुपचे कुर्ते फुकटात कोण शिवणार होतं? मी शिवले सगळे. गरज सरो नि वैद्य मरो.

घरी येऊन व्हायोलिन हातात घेतलं. बोटांखालच्या काळ्या फळीवर चिकटपट्ट्या. नवशिक्यांना सर लावून देतात, इथं पहिलं बोट, इथं दुसरं. बाकीच्यांच्या त्यांनी केव्हाच काढल्या. मी विचारलं की म्हणायचे, "राहू दे गं. तुला एवढं साकु, अल्वा?" म्हणजे एवढं पुरे, नाही का. माझीच भाषा, माझ्याच तोंडावर.

कुठंतरी पाणी मुरत होतं. वर्गातल्या ईशाला गाठून विचारलं, हे गाणं तू वाजवतेस कसं?

"अगं, हात मागे घ्यायचा ना, खुंट्यांकडे," ती म्हणाली. "पहिलं बोट पट्टीच्या मागे पडतं. मोकळ्या तारा जवळजवळ चालतच नाहीत, करंगळी लावायची. शनिवारी शिकवलं की सरांनी. तुला नाही बोलावलं?"

नाही बोलावलं. शनिवारी मी काजं करत बसले होते. तिच्याच कुर्त्याची.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बेडा, नको गं, मोठ्या माणसांशी वाकडं नको. सुम्ने उभी राहा."

"उभी राहायला मी काय दुकानातला पुतळा आहे?" मी ओरडले. आप्पांनी मान खाली घालून मशीन चालू केलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

ब्लेडनं पट्ट्या खरवडून काढल्या. नखांत डिंक बसला. हात मागे घेतला की सवयीनं पुढे सरकायचा मेला. करंगळी दुखून यायची. पण कान होते ना माझे. खोटा सूर आला की पुन्हा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पुन्हा.

पुढच्या तालमीला मी गज टेकवला.

"थांबा. कोण वाजवतंय?"

"मी."

"एकटी वाजव बघू."

चूक पकडायलाच सांगितलं होतं, मला ठाऊक होतं. वाजवलं. करंगळी एकदा घसरली, बाकी सूर खरा. कोणी हसलं नाही. सर जवळ आले, वाकून फळी बघितली.

"पट्ट्या कुणाला विचारून काढल्यास?"

सुराबद्दल एक शब्द नाही. तेव्हा माझा उरलासुरला संशयही फिटला. पट्ट्या ठेवणं, शनिवारी न बोलावणं, चूक नव्हती ती. मला तिथंच ठेवायचं होतं.

"व्हायोलिन माझं आहे, सर."

"मग कार्यक्रमात तू नकोस. कुर्ता तेवढा ठेवून जा, दुसरीला लागेल."

"कुर्ता मी शिवलाय. मीच घालणार. रविवारी येणार आणि वाजवणार. थांबवायचं तर लोकांसमोर थांबवा."

उद्या रविवार. आज सकाळी सरांचा फोन आला होता. "ये गं, राग नको धरू, मागच्या रांगेत जागा करतो." आवाज तोच गोड, वर्गात घेतानाचा; लोकांसमोर शोभा नको होती त्यांना. मी कुर्त्याला इस्त्री केली आहे. पुढच्या रांगेत उभी राहणार आहे, गज तारेवर टेकवून.