सान्वीला पाठवलेला आवाज

उझमा अशी धुसफुसत होती की दुबईशेजारच्या अजमानमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिच्या वाटेला जायची कुणाची हिंमत नव्हती. मराठी मंडळाच्या स्पर्धेतल्या एकांकिकेत नायिकेचं काम सान्वीला मिळालं होतं. दुबई मरीनासारख्या श्रीमंत वस्तीत राहणाऱ्या, मराठी धड वाचताही न येणाऱ्या सान्वीला! उझमाच्या वाट्याला आली शेजारीण. एक वाटी साखर मागायची आणि जायचं.

निवडीच्या दिवशी तिने काय कमी केलं होतं? नायिका कोकणातली, नवरा दुबईत. त्याचा फोन येतो, यंदाही सुट्टी नाही. मग ती लेकीला सांगते, "बाबा येत नाहीत. चल, जेवून घे." हे म्हणताना उझमाने हुंदके दिले, ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, भिंतीला टेकून खाली बसली. दिग्दर्शिका प्रज्ञाताई म्हणाल्या, "छान गं, पण तू फार रडतेस." रडायचं नाही तर काय नाचायचं?

वर त्याच प्रज्ञाताई म्हणाल्या, "सान्वीला स्क्रिप्ट वाचता येत नाही ना. तू तिच्या लाइन्स व्हॉइस नोटवर पाठव. तुझं मराठी एकदम सॉलिड आहे. यल्ला, चल, उद्यापर्यंत."

"यू आर सो स्वीट, उझमा," सान्वी म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पोरगी चांगली होती, हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

घरी येऊन उझमाने दार लावलं आणि ठरवलं, शब्द सगळे द्यायचे, जीव मात्र द्यायचा नाही. वाणसामानाची यादी वाचावी तशी तिने वाक्यं वाचली. "बाबा येत नाहीत." जरा थांबली. "चल, जेवून घे." म्हण आता पोपटासारखं, घे बक्षीस.

सान्वीने ते थांबण्यासकट पाठ केलं. तालमीत प्रज्ञाताई नुसत्या बघत राहायच्या. बाईंनी हात टेकले, असं समजून उझमा मनातल्या मनात खूश होती.

प्रयोगाला हॉल भरला होता. मागच्या रांगांत अल क्वोजच्या कामगार कॅम्पमधली माणसं बसली होती, आणि त्यांच्यातच उझमाचे अब्बा, बदरुद्दीन. तिथल्याच गॅरेजात काम करत त्यांनी कितीतरी वर्षं एकट्याने काढली होती. उझमा विंगेत वाटी धरून उभी होती. सान्वीने फोन खाली ठेवला.

"बाबा येत नाहीत." थांबली. "चल, जेवून घे."

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मागे कुणीतरी नाक शिंकरलं, पाठोपाठ आणखी कुणी. उझमाने पाहिलं, अब्बा चष्मा काढून डोळे पुसत होते.

अभिनयाचं पहिलं बक्षीस सान्वीला. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "ॲक्च्युअली, हे सगळं उझमाने शिकवलं. मी जस्ट कॉपी केलं." टाळ्या पडल्या. उझमाचे डोळे भरून आले, तर लोकांना वाटलं, मैत्रिणीचं किती कौतुक हिला. खरं तर त्या क्षणी सान्वीच्या हातातली ती बक्षिसाची बाहुली हिसकावून घ्यावी, असं तिला वाटत होतं.

परतताना गाडीत अम्मी, रशीदा, म्हणाली, "तू लहान होतीस, आपण रत्नागिरीत होतो, तेव्हा अब्बांचा फोन ठेवला की मी तुला अस्संच सांगायचे. तेच तू त्या पोरीला कसं शिकवलंस गं?"

उझमाला यातलं काही आठवत नव्हतं. तिच्या घशाला मात्र ते ठाऊक होतं, आणि तिने ते आपल्या हाताने सान्वीला देऊन टाकलं होतं.

"तुला एवढं येत होतं," अब्बांनी विचारलं, "तर ते काम तूच का नाही केलंस?"

"आय वॉज क्राइंग टू मच," उझमा म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून घर येईपर्यंत रडत राहिली.