दारात अडकलेला पदर

तंबाखूचा उग्र वास आला की मला पुण्याच्या रात्रीच्या गाडीतला तो जनाना डबा आठवतो. पंधरा वर्षांची मी बेळगावहून पहिल्यांदाच सासरी निघाले होते. मला न्यायला आलेले सासरे, मामंजी, पुरुषांच्या डब्यात बसले. मला चढवून हमालानं दार आपटलं, बाहेरून कडी घातली आणि गाडी सुटली. बाकाकडे जायला वळले तर पदर दारात अडकलेला. सासरहून आलेला शालू तो, ओढायचं धाडस होईना. पुढची स्टेशनं पलीकडच्या बाजूला येत गेली. हाका मारूनही या दाराशी कुणी फिरकलं नाही. दाराला बांधल्यासारखी मी खालीच बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या, मानसुद्धा वळेना. शेजारी निपाणीची एक आक्का तंबाखू मळत होती. चंचीतली कातर पुढं करून ती म्हणाली, "काप गं बाई. रातभर अशीच बसणार व्हय?" "सासूबाई काय म्हणतील?" मी रडत विचारलं. "म्हणंनात का! हितं तुझा जीव गुदमरतोय, त्येचं काय?" मिरजेपर्यंत मी कळ काढली. तिथंही दार उघडलं नाही, तेव्हा कातर घेतली आणि पदर कापला. सकाळी उंबऱ्यावरच सासूबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?" "मी," मी म्हणाले. त्या घरात उच्चारलेला माझा तो पहिला शब्द. पुढं कितीतरी वर्षं मी तिथं तोंड उघडलं नाही. म्हणून आज, या वयात, मला त्या पंधरा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटतो.