सुकेळी शिकवायला गेलेला माणूस

भुईगावच्या जगन्नाथ चुरीने परदेश बघावा असं त्याच्या पत्रिकेतही नसेल. साठी जवळ आली तरी तो वाडीतच राबत होता. केळी, पानवेली आणि कडेला चार सोनचाफे, एवढाच त्याचा पसारा. पण त्याच्या हातची सुकेळी वसईच्या बाजारात त्याच्या नावाने मागितली जायची. राजेळी केळी पेंढ्यात झाकून पिकवायची, सोलून चटईवर उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी उलटायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. काम साधं, पण लक्ष मागणारं. वडिलांनी जसं शिकवलं तसं तो करत आला होता.

त्याच्या वाडीला लागून प्लासिड रुमावची वाडी. मध्ये जास्वंदीच्या कुंपणाची वई आणि दोन्ही वाड्यांत मिळून एक बावखल. त्या तळ्याचं पाणी दोघांच्या आजोबांपासून दोन्हीकडच्या केळींना जात होतं. जगन्नाथ हिंदू, प्लासिड ख्रिस्ती. लहानपणी दोघं एकाच चिंचेवरून पडले होते आणि दोघांनी एकाच हाडवैद्याकडून हात बसवून घेतला होता. नाताळात इकडे ताट यायचं, गणपतीत तिकडे जायचं. हे इतकं रोजचं होतं की त्याबद्दल कुणी कधी काही बोलल्याचं आठवत नाही.

प्लासिडचा थोरला भाऊ फादर पीटर बरीच वर्षं आफ्रिकेत होता. आधी टांझानियात, आणि शहाण्णवपासून रवांडात. दोन हजार तीनच्या नाताळात तो सुट्टीवर आला तेव्हा जगन्नाथच्या ओटीवर बसून त्याने सुकेळं तोडलं आणि बराच वेळ चघळत राहिला.

"जगन्नाथ, आमच्या डोंगरावर केळीच केळी आहेत," तो म्हणाला. "बायका दारू गाळतात, बाकीची कुजतात. विधवा आहेत बऱ्याच. त्यांना हे शिकवशील?"

"फादर, मी कुणाला काय शिकवणार? मला तर धड हिंदी येत नाही."

"बोलायला मी आहे. तू फक्त हात चालव. सोबतीला प्लासिड येईल."

आनंदीबाईंनी, जगन्नाथच्या बायकोने, आतून विचारलं, "तिकडे माणसं फार मारली ना हो? टीव्हीवर दाखवत होते."

"दहा वर्षं झाली त्याला," जगन्नाथ म्हणाला.

पुढच्या जूनमध्ये, वसईत पाऊस सुरू झाला आणि तिकडचा कोरडा हंगाम लागला, तेव्हा दोघं मित्र निघाले. अंगात नवे स्वेटर, बॅगेत आनंदीबाईंनी दिलेलं सुक्या बोंबलाचं लोणचं.

रवांडा हिरवा होता. जगन्नाथने आफ्रिका म्हणून काही वेगळंच धरलं होतं. इथे तांबडी माती, टेकडीमागे टेकडी, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत केळी. गाडीतून जाताना तो खोडं बघत होता, बुंध्याशी नव्या कोंबांचे खुंट किती ठेवलेत ते बघत होता. फादर पीटर गाडी चालवता चालवता सांगत होता की चौऱ्याण्णवच्या एप्रिलपासून तीन महिन्यांत इथे लाखो माणसं मारली गेली. बाहेरून कुणी आलं नव्हतं. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, वाडीत वापरायच्या कोयत्यांनी. जगन्नाथने मान डोलावली. ऐकलं सगळं, पण त्याचं लक्ष केळींवरच होतं.

मिशनच्या आवारात मोठं दगडी चर्च होतं, पण मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. पहिल्या रविवारी प्लासिडने भावाला कारण विचारलं.

"जीव वाचवायला लोक आत शिरले होते," फादर पीटर म्हणाला. "देवळात कोण मारणार, असं त्यांना वाटलं. आत अजून सगळं तसंच ठेवलंय. बघायचं असेल तर किल्ली देतो."

प्लासिड आत गेला. जगन्नाथ दाराशी चपला काढायला थांबला, पण त्याने चपला काढेपर्यंत प्लासिड परत आला होता. तो पायरीवर बसला. खिशातली जपमाळ बाहेर काढली, हातात धरली आणि पुन्हा खिशात ठेवली. त्या दिवसापासून तो मिस्साला शेडच्या अगदी मागे, खांबाला टेकून उभा राहायला लागला. त्याला गुडघे टेकताना जगन्नाथने पुन्हा बघितलं नाही.

काम मात्र सुरू झालं. शिकायला दहाबारा बायका यायच्या. त्यांची नावं ऐकून जगन्नाथला मौज वाटली, कारण क्लेमेंटीन, रोझलिन ही तर भुईगावच्या मिस्साला ऐकू येणारी नावं. घड आणायला आणि चटयांसाठी मांडव बांधायला एक चाळिशीचा माणूस होता. त्याचंही नाव प्लासिडच निघालं. जगन्नाथने त्याला धाकटा प्लासिड म्हणायला सुरुवात केली. माणूस कामाचा होता. मांडवाची गाठ एकदा दाखवली की दुसऱ्यांदा दाखवावी लागत नसे. दुपारी तो जगन्नाथशेजारी बसायचा, उकडलेला रताळ्याचा तुकडा मोडून अर्धा पुढे करायचा. भाषा नसताना दोघांचं बरं जमलं.

क्लेमेंटीन सगळ्यांत हुशार. केळं दाबून पिकलं की नाही ते तिला दोन दिवसांत कळायला लागलं. एक गोष्ट जगन्नाथच्या लक्षात आली. इतर बायका शेतात सर्रास कोयता वापरायच्या, पण ती कोयता हातात घेत नसे. छोट्या सुरीनेच सगळं करायची. आणि बसायची ती नेहमी भिंतीला पाठ लावून. धाकटा प्लासिड घड घेऊन आला की बाकीच्या बायका त्याच्याशी चार शब्द बोलायच्या. ती चटई उलटायला निघून जायची.

"भांडण आहे का दोघांचं?" जगन्नाथने एकदा फादरला विचारलं.

"तो गेल्या वर्षीच तुरुंगातून सुटलाय," एवढंच फादर पीटर म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात गावाची बैठक होती. अशा बैठका गावोगाव भरायच्या. माणसं गवतावर बसायची, गावातलेच पंच बाकावर, आणि चौऱ्याण्णवात ज्याने जे केलं ते त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. फादर पीटरने दोघांना सोबत नेलं. जगन्नाथला वाटलं होतं रडारड होईल. तसं काही नव्हतं. आया मुलांना पाजत होत्या, एक म्हातारा छत्री उघडून उन्हात बसला होता. मग धाकटा प्लासिड उठला. टोपी काढून हातात घेतली आणि बोलायला लागला. आवाज चढला नाही, अडखळलाही नाही.

फादर पीटर हळू आवाजात मराठीतून सांगत होता. "म्हणतोय, क्लेमेंटीनचा नवरा माझा मित्र. त्याने मला वासरू दिलं होतं. आमच्याकडे वासरू देणं म्हणजे भाऊ मानणं. त्याच्या धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो." पुढे फादर थांबला. माणूस बोलतच होता.

"काय म्हणतो?" जगन्नाथने विचारलं.

फादर पीटरने घरच्या बोलीत, ज्या बोलीत ते वईवरून एकमेकांशी मासळीच्या भावाबद्दल बोलायचे त्या बोलीत, एका दमात सांगितलं. नवरा चर्चमध्ये मेला. दोन मुलं पळून या माणसाच्या घरी आली, ओळखीचं घर म्हणून. त्याने त्यांना जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी टोळी दाराशी आली आणि म्हणाली, तूच मार, नाहीतर तुझी मुलं. त्याने मारलं. आणि केळीत पुरलं.

जगन्नाथने शेजारी बसलेल्या प्लासिडकडे बघितलं नाही. प्लासिडनेही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघं मांडीला मांडी लावून बसले होते, पण थोड्या वेळाने जगन्नाथच्या लक्षात आलं की आपण जरासे बाजूला सरकलोय. की तो सरकलाय, कोण जाणे.

क्लेमेंटीनला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. तिने माफ केलं म्हटलं नाही, शापही दिला नाही. म्हणाली, "जागा दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच, बायका, फादर आणि हे दोघे त्या माणसाच्या मागे चालत गेले. तो जिथे थांबला ती वाडी जगन्नाथच्या ओळखीची होती. सगळ्यांत भरदार घड तिथूनच यायचे. पहिल्या दिवशी जगन्नाथने स्वतःच बोट दाखवून तिथले घड निवडले होते.

धाकट्या प्लासिडने खणायला घेतलं. केळीच्या मुळ्यांचं जाळं दाट असतं. कुदळ आंधळेपणाने घातली तर खालचं काही शाबूत राहत नाही. जगन्नाथ पुढे झाला. कुणी सांगितलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, हाताने माती सारत एकेक मुळी सुटी करायला लागला. प्लासिड, त्याचा भुईगावचा प्लासिड, शेजारी येऊन बसला आणि माती टोपलीत भरायला लागला. समोर दुसरा प्लासिड. तिघं दुपारपर्यंत काम करत राहिले.

हाडं लहान होती. कापडाचा रंग गेला होता, पण एका सदऱ्याची निळी बटणं जागेवर होती. क्लेमेंटीनने ती बघितली आणि ओळख पटल्यासारखी मान डोलावली. मग घरून पाणी आणून प्रत्येक हाड स्वतः धुतलं. बायका मदतीला आल्या तर तिने हाताने थांबवलं. एका चादरीत दोघांना एकत्र ठेवलं. सगळं झाल्यावर ती तिथेच, उकरलेल्या मातीवर बसली, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला तो थांबेचना. जगन्नाथला त्या आवाजापुढे उभं राहवेना. तो खाली उतरून रस्त्यावर आला. तिथे धाकटा प्लासिड बसला होता. त्याने सवयीने सरकून जगन्नाथला जागा करून दिली. जगन्नाथ बसला नाही.

या सगळ्यात चटया तशाच राहिल्या होत्या. केळी उलटली नव्हती, रात्रीच्या दवात भिजून काळी पडली होती, मुंग्या लागल्या होत्या. काय करायचं यावर बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. शेवटी जगन्नाथनेच एकेक चटई उचलून खताच्या खड्ड्यात रिकामी केली. नवे घड आणायला त्याने सांगितलं नाही आणि कुणी आणलेही नाहीत. उरलेले दिवस त्याने मांडव सोडवण्यात घालवले.

परत आल्यावर भुईगावात चार दिवस लोकांची रीघ लागली. सिंह बघितला का, जेवायला काय होतं, काळे लोक आपल्याला कसं वागवतात. कुणी विचारलं, देश कसा आहे, तर जगन्नाथ म्हणायचा, "आपल्यासारखाच." लोकांना वाटायचं तो केळींबद्दल बोलतोय.

आनंदीबाईंना मात्र चैन पडेना. नवरा वाडीत जातो, केळीच्या बुंध्याशी कुदळ घेऊन उभा राहतो आणि तसाच परत येतो. संध्याकाळी वईशी जाऊन प्लासिडला हाक मारत नाही. तिकडूनही हाक येत नाही. "भांडलात का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही गं."

त्या वर्षीच्या गणपतीत ताट तिकडे गेलं, पण ते द्यायला मुलगा प्रितेश गेला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी जगन्नाथ समुद्रावर गेला तर प्लासिड सुरूच्या झाडांखाली बसलेला. टाळून जाता आलं असतं, पण जगन्नाथ जाऊन बसला. ओहोटी होती.

"पीटरचा फोन होता," प्लासिड म्हणाला. "त्या क्लेमेंटीनने मुलांना चर्चच्या आवारात पुरलं. तो दुसरा प्लासिड आता तिच्या शेतात जाऊन नांगरट करून देतो. ती बोलत नाही त्याच्याशी, पण येऊ नको असंही म्हणत नाही. तिच्याकडे दुसरं कुणी माणूसच नाही."

जगन्नाथ वाळूत काडी फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, "प्लासिड, तू तिथून आल्यावर मला हाक का मारत नाहीस?"

"त्या बैठकीत एक विचार आला डोक्यात. आला म्हणजे आला, मी बोलावला नव्हता. माझी पोरं पळून तुझ्या घरी आली तर तू त्यांना वाचवशील का, असा. आणि मला लगेच हो म्हणता आलं नाही. तुझ्याबद्दल, जगन्नाथ. एवढ्या वर्षांचा तू. मला लाज वाटली."

"मला उलटा आला होता," जगन्नाथ म्हणाला. "तुझी पोरं माझ्या दाराशी आणि बाहेर टोळी. आणि आत माझा प्रितेश. मी काय केलं असतं? मी अजून उत्तर शोधतोय."

"सापडलं?"

"नाही."

खाली कोळणी ओल्या वाळूतून टोपल्या घेऊन चालल्या होत्या. दोघं त्यांच्याकडे बघत राहिले. पूर्वी अशा वेळी प्लासिडने काहीतरी चेष्टा केली असती आणि जगन्नाथने ती वाढवली असती. आज दोघांनाही सुचलं नाही. अंधार पडायला लागला तसे ते उठले आणि गावाच्या बाजूला चालायला लागले. वाट अरुंद होती, एकामागे एक चालावं लागायचं. जगन्नाथ पुढे झाला. चालताना प्लासिडच्या मागून येणाऱ्या पावलांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा आपण सावध होऊन ऐकतोय, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं. तो थांबला, बाजूला झाला आणि प्लासिडला पुढे जाऊ दिलं. प्लासिडही दोन पावलं जाऊन थांबला; मागची पावलं बहुधा त्यालाही तशीच ऐकू येत होती.