पहिला नंबर पाहुण्यांना

चहा आधी पिऊन घ्या. मी सांगायला बसलो की समोरच्याचा चहा निवतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं नाही. माझं बोलणं बैलगाडीसारखं आहे, पोचतं पण उशिरा. आणि आज जी फजिती सांगतो आहे ती माझी स्वतःची आहे. दुसऱ्याची असती तर दोन वाक्यांत आटोपली असती.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या सालेकशाच्या बाजूला तेव्हा धानाची मळणी संपली की फुटबॉल सुरू व्हायचा. जंगलात फुटबॉल कुठून आला म्हणता? रेल्वेनं आणला. रेल्वेचे लोक स्टेशनामागे खेळत आणि आमच्याकडचे लोक काटेरी कुंपणाला टेकून पाहत. पाहता पाहता तो रोग गावोगाव लागला. धानाच्या दोन बांध्यांमधली पार, म्हणजे मधला बांध, फोडायची, माती सारखी करायची, झालं मैदान. बूट कोणाकडे होते? अनवाणीच खेळायचे. धानाची खुंटं पायाला टोचली की माणूस आपोआप जोरात पळायचा.

चार गावांचे सामने व्हायचे. आता एक नियम ऐकून घ्या, नाही तर पुढचं कळणार नाही. स्टेशनवर, धानगिरणीत, जंगलखात्याच्या डेपोत नोकरीला आलेली बाहेरची माणसं असायची. त्यांना खेळता यायचं, पण त्यांना गाव नव्हतं. असे आठ गडी चार गावांत वाटून घ्यायचे. गेल्या वर्षी जे गाव शेवटी आलं त्याचा पहिला नंबर, आणि जे जिंकलं त्याचा चौथा. मग पुन्हा त्याच क्रमानं पाचवा ते आठवा. गडी घ्यायचा म्हणजे त्याच्या खांद्यावर आपल्या गावाचा दुपट्टा टाकायचा. एकदा टाकला की वर्षभर तो आपला.

त्या वर्षी पहिला नंबर आमचा होता. म्हणजे आदल्या वर्षी शेवटी कोण आलं, ते मला बोलायला लावू नका.

आमचा कप्तान होता माझा चुलतभाऊ दशरथ. फुटबॉलवाचून त्याला दुसरं काही सुचत नसे. गावच्या पंचांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "यंदाही शेवटी आला तं कप्तानी मन्सारामले देऊन टाकू." मन्साराम हा आमच्याच गावचा, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. कप्तानीवर त्याचा डोळा होता आणि तो डोळा त्यानं कधी लपवलाही नाही.

गडी वाटण्याच्या दिवशीच दशरथला गोंदियाला जावं लागलं. चेंडूच्या आतला फुगा फुटला होता आणि तो दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. जाताना त्यानं माझ्या हातात दोन लाल दुपट्टे दिले.

"दादा, पयला नंबर आपला आहे. गुलाबच्या खांद्यावर टाकजो. बाकी काही करू नको."

गुलाब म्हणजे स्टेशनवरचा, रूळ बदलणारा सांधेवाला. त्याची लाथ बसली की चेंडू आधी आभाळात आणि मग थेट दोन खांबांच्या मधे. त्याला सगळीच गावं टपून बसलेली.

मी म्हटलं, "मलेच काऊन पाठवून राहिला? मले त्यातलं काय समजते?"

"तू घाई करत नाहीस," दशरथ म्हणाला, "अन् तुह्या हातून कोनाशी भांडन होत नाही. बस झालं."

वाटप त्या वर्षी आमच्याच गावात, शाळेच्या अंगणात होतं. इथेच सगळी गोम आहे. पाहुणे आमच्याकडे आलेले, आणि मी सकाळपासून त्यांची सरबराई करत होतो. हातपाय धुवायला पाणी द्या, चटया अंथरा, मुरमुरे-फुटाणे द्या, चहा द्या. चौथ्यांदा चहा वाटून झाला तेव्हा माझ्या डोक्यात फुटबॉल नव्हताच. घरी लग्न काढलं आहे, असंच वाटत होतं.

तेवढ्यात वाटप लिहून घेणाऱ्या शाळेच्या मास्तरांनी वही उघडली आणि पुकारलं, "पहिला नंबर. कोण घेतं?"

माझ्याशेजारी पिपरटोल्याचे भाऊलाल शेठ बसले होते. धानाचे व्यापारी, गेल्या वर्षीच्या जिंकलेल्या गावाचे पुढारी. त्यांच्या हातात अजून कपबशी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "पहिले तुमी घ्या जी. पाहुन्यायच्या आधी आमी घरचे कसे घेऊ?"

तुम्ही हसता. पण पंगतीत आपण काय करतो? घरचा माणूस आधी पानावर बसतो का? आणि आधी बसवलेला पाहुणा ताटातला मोठा लाडू स्वतःहून उचलतो का? नाही उचलत. मला वाटलं, शेठ "नाही नाही, तुम्हीच घ्या" म्हणतील. मी पुन्हा आग्रह करीन. मग ते बाजूचा एखादा लहानसा गडी घेतील आणि गुलाबला माझ्यासाठी ठेवतील. रीत अशीच आहे की नाही?

शेठनी कपबशी खाली ठेवली.

"पक्का?" ते म्हणाले. "बाद में मत बोलना, फागूभाऊ."

"बोलन कायले? घ्या ना जी."

मास्तर चष्म्यावरून पाहायला लागले. म्हणाले, "नंबर असा फुकट देता येत नाही. बदल्यात काहीतरी लिहावं लागेल."

"हमारे दोनो नंबर लिख लो," शेठ ताडकन म्हणाले. "चौथा भी, आठवा भी. दोनो इनके."

आता मला शेठची दया आली. माणूस एकच गडी घेऊन घरी जाणार? मी म्हटलं, "नको जी, तुमाले काय राहीन मंग? एक तरी ठेवा."

"रहने दो, रहने दो," म्हणत शेठ उठले. गुलाबकडे तीन ढांगांत पोचले आणि पिवळा दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकून त्याला गाठसुद्धा मारली. पाहुणा लाडू उचलून खिशात घालतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग चौथ्या नंबराला मी धानगिरणीतला हमाल बुधराम घेतला, कारण तो दाराजवळ उभा होता. पाचव्याला डेपोतला स्वयंपाकी घेतला, कारण त्यानं चहा करायला मदत केली होती. आठव्याला एकच उरला होता, डाकेची थैली घेऊन देवरीच्या वाटेनं पायी जाणारा सोमा हलकारा. त्याच्यासाठी माझ्याकडे दुपट्टा उरला नव्हता. मी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

संध्याकाळी दशरथ गाडीतून उतरला तेव्हा अर्धं गाव स्टेशनवर हजर होतं, आणि गावाच्या दोन पार्ट्या पडलेल्या होत्या.

मन्साराम पुढे झाला. "काऊन गा दशरथ, पयला नंबर काऊन देल्ला? गुलाबले पिपरटोल्यात पोचवून देल्लं तुनं."

आमचा न्हावी इस्तारी दुसऱ्या पार्टीचा. तो दशरथचा हात धरून म्हणाला, "काय डोकं लावलं गा तुनं. एक देऊन दोन आनले. भाऊलालसारख्याले गुंडाळलं."

दशरथला काही कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उघड्या डोक्यानं उभा होतो. माझं तोंड पाहून त्याला काय कळायचं ते कळलं असावं. तो म्हणाला, "मीच सांगतलं होतं दादाले. चाल होती ती माही. फसली तं मी स्वतः कप्तानी सोडतो."

घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. लाडवासकट सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "आता मी बोलून बसलो दादा. सामने होऊ दे."

चूक माझी, आणि कप्तानी त्याची जाणार. मी ठरवलं, चारचौघांत खरं सांगून टाकायचं. पण सांगायचं कसं? स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात रोज या एकाच विषयावर रण माजलेलं.

"बैल देऊन बकऱ्या आनल्या," मन्साराम म्हणायचा.

"तीन बकऱ्या," इस्तारी म्हणायचा. "मोजता येते ना?"

"बकऱ्यायनं नांगर चालते का गा?"

"अन् बैल बसला तं? एका बैलावर कोनी शेती करते का?"

मी घसा साफ करून म्हणायचो, "माही गोष्ट आयकता का? त्या दिवशी मी..."

"थांब ना फागू, तू मंग सांगजो," दोन्ही बाजूंनी एकदमच यायचं. मी थांबायचो. माझा तो स्वभावच. असे मी पंधरा दिवस रोज थांबलो. भांडण इतकं वाढलं की मन्सारामनं इस्तारीकडून दाढी करून घेणं सोडलं. म्हणाला, वस्तरा ज्याच्या हाती आहे त्याची अक्कल ठिकाणावर पाहिजे. दाढी वाढवून तो साधूसारखा दिसायला लागला, आणि परगावचे दोघे-तिघे त्याच्या पायासुद्धा पडले.

सामने सुरू झाले. पहिले दोन आम्ही हरलो. काय बोलू? बुधराम पुढे उभा राहायचा, त्याला पळता येईना. स्वयंपाकी चेंडू आला की बाजूला सरकायचा. तिसरा सामना पिपरटोल्याशी. तेही दोन हरलेले, कारण त्यांचे दोन गडी काटा लागून बसले होते आणि बदली माणूसच नव्हता. हा सामना जो हरेल तो शेवटचा. म्हणजे दशरथची कप्तानी त्या एका सामन्यावर.

दशरथनं त्या दिवशी बुधरामला पुढून काढलं आणि खांबांच्या मधे उभं केलं. म्हणाला, "पळू नको. फक्त हलू नको." सोमा हलकाऱ्याला म्हणाला, "गुलाब जाईन तिकडं जाय. बाकी काही पाहू नको."

आता सोमा रोज जंगलातून कोसचे कोस चालणारा माणूस. तो गुलाबच्या मागे लागला तो लागलाच. गुलाब पळाला की सोमा पळे, गुलाब थांबला की सोमा थांबे, गुलाब पाणी प्यायला गेला तर हाही तिथे जाऊन उभा. गुलाबला दुसरा कोणी चेंडू देणारा नव्हता, तो एकटाच धावून धावून अर्धमेला झाला. तरी त्यानं तीन लाथा अशा मारल्या की दुसरा कोणी असता तर चेंडूसकट सालेकशाला पोचला असता. तिन्ही बुधरामच्या छातीवर बसल्या. बुधराम जागचा हलला नाही. धानाची पोती अंगावर घेणारा माणूस तो, त्याला चेंडू काय करणार?

शेवटी शेवटी चेंडू उडून स्वयंपाक्याकडे आला. तो सवयीनं बाजूला सरकायला गेला, पाय घसरला, आणि पडता पडता चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. एवढाच गोल. जिंकलो आम्ही.

गावानं दशरथला खांद्यावर घेतलं. कप्तानी वाचली. इस्तारी सगळ्यांना सांगत सुटला की ही सगळी चाल वाटपाच्या दिवशीच ठरली होती.

इथे मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण पंधरा दिवसांचं पोटात साठलेलं. दुसऱ्या दिवशी पंच बसले, सगळे आनंदात होते, कोणी बोलत नव्हतं. असा मोका मला कुठे मिळायला? मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. पाहुणे, पंगत, लाडू, शेठची दया, मुंडासं. हळूहळू, काही न गाळता सांगितलं.

मला वाटलं, मन हलकं झालं.

मन्साराम उभा राहिला. "म्हनजे तुले काहीच समजत नव्हतं?"

"नाही गा."

"अन् दशरथनं हे सांगतलंच नव्हतं?"

"त्यानं तं गुलाबले घे म्हनून सांगतलं होतं."

"मंग चाल कोनाची? कोनाचीच नाही." मन्साराम पंचांकडे वळला. "हा दशरथ खोटं बोलला गावासमोर. आता काढून घ्या याची कप्तानी."

जे सामन्यात वाचलं ते मी उभं राहून बुडवलं होतं. दशरथ खाली मान घालून बसला. पंच एकमेकांकडे पाहायला लागले.

तेव्हा इस्तारी म्हणाला, "एक सांगा. फागूले पाठवलं कोनं?"

"दशरथनं," पंच म्हणाले.

"त्याच्या जागी चलाख मानूस गेला असता तं भाऊलालनं दोन नंबर सोडले असते का? संशय नसता आला त्याले? याले पाहून आला का संशय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं, दुसरं करणार काय?

मन्साराम हळूच खाली बसला. "हे मातर खरं आहे," तो म्हणाला. "असा मानूस शोधून पाठवाले अक्कल लागते."

दशरथची कप्तानी कायम झाली. आणि तिथल्या तिथे ठराव झाला की पुढच्या वर्षीही वाटपाला फागूलाच पाठवायचं, आणि तोवर त्याला खेळातलं कोणी काही समजावून सांगायचं नाही.

हात वर करा म्हटलं तर सगळे वर. पंधरा दिवस ज्या दोन पार्ट्यांचं एका शब्दावर जमलं नव्हतं, त्या माझ्या अडाणीपणावर एका मिनिटात एक झाल्या. आणि मला ठराव नीट कळला नव्हता, म्हणून मीही हात वर केला.